चार्ली नसताना रोलिंग स्टोन्स: ड्रमरची जागा नेमकी कुठे असते?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, उरलेले गोड मानून घ्या. जिथे मी टेबलवर ठेका वाजवून दाखवलाय, तिथे कंसात तसं लिहिलंय.

आजची गोष्ट सुरू होते २६ सप्टेंबर २०२१ ला, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. छत असलेलं मोठं स्टेडियम. दिवे मंद होतात आणि स्टेजवर कोणीच येत नाही. नुसता ड्रमचा ठेका ऐकू येतो आणि मागच्या मोठ्या स्क्रीनवर एकाच माणसाचे फोटो येत-जात राहतात. मग बँड येतो, 'स्ट्रीट फायटिंग मॅन' सुरू होतं. ड्रम्सवर स्टीव्ह जॉर्डन.

फोटोतला माणूस म्हणजे चार्ली वॉट्स. महिनाभर आधी, २४ ऑगस्टला, तो लंडनमध्ये वयाच्या ८० व्या वर्षी गेला. जानेवारी १९६३ पासून रोलिंग स्टोन्सच्या ड्रम्समागे तोच बसलेला असायचा. ५८ वर्षं. २००३ च्या एप्रिलमध्ये स्टोन्स आपल्याकडे आले, आधी बंगळुरूला आणि मग मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर, तेव्हाही तोच होता. मी तेव्हा नुकताच शाळेत जायला लागलो होतो, त्यामुळे 'मी ब्रेबॉर्नला होतो' असं सांगून भाव खायची संधी हुकली.

सेंट लुईसच्या आधी बॉस्टनजवळ एक खासगी कार्यक्रम झाला होता. पण तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर चार्लीशिवाय वाजवायची ही पहिलीच वेळ.

ही बातमी वाचली तेव्हा मी ठरवलं की यापुढचं स्टोन्सचं एकही लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. चार्ली नाही तर स्टोन्स नाहीत, विषय संपला. दोन वर्षं तो नियम पाळला. माझं चुकलं होतं, पण नेमकं काय चुकलं होतं ते समजायला त्याहून जास्त वेळ लागला. तेच आज सांगायचंय.

आधी हजेरी घेऊ

'मूळ मेंबर' हा शब्द स्टोन्सच्या बाबतीत जरा जपूनच वापरावा लागतो. बँड सुरू झाला १९६२ मध्ये. तेव्हाचा पियानोवाला इयन स्ट्युअर्ट. १९६३ मध्ये मॅनेजरच्या मते तो पोस्टरवर शोभत नव्हता म्हणून त्याला अधिकृत यादीतून काढलं. गडी तरीही बँड सोडून गेला नाही. सामान लावणं, गाडी चालवणं आणि हवा तिथे पियानो वाजवणं, हे तो १९८५ मध्ये जाईपर्यंत करत राहिला.

ब्रायन जोन्सने तर बँड सुरू केला होता. जून १९६९ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि ३ जुलैला गेला. दोनच दिवसांनी, ५ जुलैला, स्टोन्स लंडनच्या हाइड पार्कमध्ये मिक टेलर या नव्या गिटारिस्टला घेऊन स्टेजवर उभे होते. टेलर १९७४ च्या शेवटी गेला, मग रॉनी वूड आला. बेसवाला बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडला. म्हणजे मेंबर जाणं या बँडला नवीन नाही. मग चार्लीच्याच बाबतीत मला एवढं का लागलं?

माझं पहिलं उत्तर होतं, 'कारण ड्रमर म्हणजे बँडचं घड्याळ.' हे उत्तर चुकीचं निघालं, आणि का चुकीचं निघालं तीच या एपिसोडची गंमत आहे.

चार्ली हाताने काय करायचा

ज्यांनी कधी ड्रमसेट जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उजव्या पायाखाली बास ड्रम, त्याचा 'धम्'. मांड्यांच्या मधे स्नेअर, ज्याच्या तळाला तारा ताणलेल्या असतात, त्याचा 'ठाक्'. बाजूला स्टँडवर एकावर एक बसवलेल्या दोन झांजा, ती हाय-हॅट, तिचा 'टिक्'.

रॉकचा साधा ठेका चार मात्रांचा. उजवा हात हाय-हॅटवर प्रत्येक मात्रेला दोनदा, म्हणजे एका आवर्तनात आठ टिक्. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठाक्. म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टिक् आणि ठाक् एकदम पडतात. जगातले बहुतेक ड्रमर असंच वाजवतात.

चार्ली ठाक् मारताना उजवा हात झांजेवरून उचलायचा. आठऐवजी सहाच टिक्.

(इथे टेबलवर वाजवून दाखवलंय: टिक्-टिक्-ठाक्-टिक्, टिक्-टिक्-ठाक्-टिक्.)

व्हिडिओ बघितलात तर लगेच दिसेल. उजवा हात दर वेळी किंचित मागे जातो, कोणाला तरी 'आधी तुम्ही जा' म्हणत वाट करून दिल्यासारखा. ऐकताना दोन गोष्टी होतात. एक, झांजेचा चरचरीत आवाज नसल्यामुळे स्नेअर एकटा, मोकळा ऐकू येतो. दोन, हात उचलून परत आणायचा म्हटल्यावर पुढचा टिक् अगदी मशीनसारखा पडत नाही, ठेक्याला थोडा झोका मिळतो. चार्ली मनाने जॅझवाला होता. डावी काठीही तो जॅझवाल्यांसारखी आडवी धरायचा, आणि त्याचा ड्रमसेट स्टेडियमच्या मानाने फारच लहान होता.

पण हा हात उचलणं कोणीही शिकू शकतं. मी ड्रमर नाही, तरी टेबलवर दहा मिनिटांत जमवलं. तेवढ्याने स्टोन्स वाजले नाहीत, नुसतं टेबल वाजलं.

कोण कोणाच्या मागे

खरी किल्ली बिल वायमनने एका मुलाखतीत देऊन ठेवली आहे. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: बाकीचे बँड ड्रमरच्या मागे जातात, आम्ही जात नाही. आमच्यात चार्ली कीथच्या मागे जातो. कीथ म्हणजे कीथ रिचर्ड्स, गिटार. त्यामुळे ड्रम कीथच्या अगदी किंचित मागे पडतात. आणि मी, वायमन, बेसवर किंचित पुढे असतो. त्यातून एक डोलणं तयार होतं, आणि ते कधीही कोसळेल अशी भीतीही असते.

म्हणजे घड्याळ ड्रमरकडे नव्हतंच. ते गिटारवाल्याच्या हातात होतं.

हे आपल्याला तसं अनोळखी नाही. ढोल-ताशा पथक आठवा. मिरवणुकीत सगळ्यात मोठा आवाज ढोलांचा, टोल ठेका धरून असतो, पण हात बदलायचा इशारा ताशाकडून येतो. ताशाची तडतड बदलली की ढोल बदलतात. आणि रांग लांब असेल तर मागच्या ढोलांना इशारा उशिरा पोचतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३० मीटर मागे उभ्या असलेल्याला तो सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणून अनुभवी वादक नुसत्या कानावर राहत नाहीत, पुढच्याच्या हाताकडे बघून वाजवतात.

आता हेच स्टेजवर लावा. कीथचा अँप्लिफायर चार्लीपासून पाच मीटरवर आहे असं धरू. मधे मॉनिटरचे स्पीकर नसले तर गिटारचा आवाज चार्लीपर्यंत पोचायलाच सुमारे १५ मिलिसेकंद लागतील. गाण्याचा वेग मिनिटाला १२० मात्रा असेल, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्यातले १५ म्हणजे ३ टक्के. कागदावर नगण्य. पण कान या ३ टक्क्यांना फार हळवा असतो. त्याला 'उशीर झाला' असं वाटत नाही, 'ऐसपैस आहे' असं वाटतं.

'स्टार्ट मी अप'ची सुरुवात ऐका. गिटार आधी एकटीच येते, आपला कान एक सम धरतो, आणि ड्रम आले की कळतं, सम भलतीकडेच होती. क्षणभर पायाखालची फरशी सरकते. कीथ आपल्या मस्तीत सुरू करणार आणि चार्ली त्याला कुठेतरी बरोबर झेलणार, ही त्या दोघांची अनेक वर्षांची सवय तिथे ऐकू येते.

लॅपटॉपवरचा प्रयोग

एका रविवारी मी हे स्वतः करून बघितलं. तुम्हीही कुठल्याही फुकट म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये करू शकता.

पहिली पायरी: साधा ठेका, वेग १२०, सगळे ठोके ग्रिडवर अचूक. ऐकायला स्वच्छ, आणि लिफ्टमधल्या संगीताइतकाच निर्जीव.

दुसरी पायरी: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा टिक् काढून टाकला. थोडा जीव आला.

तिसरी पायरी: एक साधी गिटार टाकली, ती ग्रिडवर ठेवली, आणि फक्त ड्रम १५ मिलिसेकंद मागे सरकवले. आता मान हलायला लागली.

चौथी पायरी, जी मी खरं तर चुकून केली: सगळे ट्रॅक निवडले गेले आणि सगळंच १५ मिलिसेकंद मागे सरकलं. काय झालं? काहीच नाही. ठेका परत पहिल्यासारखा सरळसोट.

मी बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसलो. उघड गोष्ट आहे, पण माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. चार्लीचा 'मागे पडणारा' ठेका चार्लीकडे नव्हताच. तो चार्ली आणि कीथ यांच्या मधल्या अंतरात होता. ड्रमचा ट्रॅक एकटा उचलून दुसरीकडे नेला तर तो झोका बरोबर येत नाही, कारण तो त्या ट्रॅकमध्ये लिहिलेलाच नाही.

म्हणजे चार्ली गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती स्टूलची नव्हती. दोघांमधलं एक अंतर रिकामं झालं होतं. आणि वायमनने सांगितलेल्या तीन बाजूंपैकी एक, पुढे धावणारा बेस, १९९३ मध्येच गेली होती. त्याच्या जागी १९९४ पासून डॅरिल जोन्स वाजवतो, जो आधी माइल्स डेव्हिसकडे होता. त्याची निवड बाकीच्यांनी चार्लीवर सोपवली होती. ते बरोबरच होतं, कारण त्याच्याबरोबर रोज राहायचं होतं ते चार्लीला.

'चार्लीशिवाय' आधीही होतं

अजून एक गोष्ट माझ्या नियमाला सुरुंग लावते. १९६९ च्या 'लेट इट ब्लीड' या अल्बमवर 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट' हे गाणं आहे. त्यात ड्रम चार्लीने वाजवलेले नाहीत. त्याला त्या गाण्याची चाल हाताला लागेना, म्हणून निर्माता जिमी मिलर स्वतः बसला. १९७२ च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'वरच्या 'हॅपी'मध्येही मिलरच आहे.

पण ही गाणी स्टेजवर पुढची कित्येक वर्षं चार्लीनेच वाजवली, आणि ऐकताना कोणाला काही खटकलं नाही. म्हणजे दुसऱ्याने बसवलेला ठेका चार्लीने आपलासा केला होता. रेकॉर्डच्या दृष्टीने बघितलं तर त्या दोन गाण्यांपुरता बदली खेळाडू चार्लीच होता! हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या 'शुद्ध' स्टोन्सची थोडी लाज वाटली.

स्टीव्ह जॉर्डनच का?

ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला जाहीर झालं की चार्लीवर उपचार झालेत, तो या दौऱ्यात नसेल आणि त्याच्या जागी जॉर्डन वाजवेल. तेव्हा सगळ्यांना हे तात्पुरतं वाटत होतं. चार्लीने स्वतःच्या निवेदनात गमतीत म्हटलं होतं की एकदा तरी माझं टायमिंग थोडं चुकलंच. तीन आठवड्यांत तो गेला.

जॉर्डन कोणी भाड्याने आणलेला चार्लीचा नकलाकार नव्हता. त्याचा हात जड, बसका, न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये घडलेला. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी कुठल्याही ऑडिशनमध्ये मिळत नाही: कीथबरोबरची पस्तीसेक वर्षं. कीथचा १९८८ चा पहिला सोलो अल्बम 'टॉक इज चीप' या दोघांनी मिळून लिहिला आणि मिळून प्रोड्यूस केला. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, चक बेरीच्या साठीनिमित्त झालेल्या कार्यक्रमात कीथ गिटारवर आणि जॉर्डन ड्रम्सवर होता. तो कार्यक्रम कुठे झाला होता? सेंट लुईसला. जिथून २०२१ चा दौरा सुरू झाला त्याच शहरात.

कीथने नंतर सांगितलंय की माझ्याशिवाय कोणाबरोबर वाजवायचं झालं तर स्टीव्हलाच घे, असं चार्लीने त्याला फार पूर्वी सुचवलं होतं. म्हणजे ज्या अंतराबद्दल आपण बोलतोय, ते चार्लीला माहीत होतं. 'माझ्यासारखं कोण वाजवेल' हे शोधत बसण्यापेक्षा कीथचं कोणाशी जमेल, हे त्याने बघितलं.

मग ऐकायला काय वेगळं लागतं?

दोन वर्षांचा उपास मी मोडला तो 'हॅकनी डायमंड्स'मुळे. २० ऑक्टोबर २०२३ ला आलेला हा अल्बम प्रयोगशाळेसारखा आहे, कारण त्यात दोन्ही ड्रमर आहेत. 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द सोर्ड' या दोन गाण्यांवर चार्लीने आधी वाजवून ठेवलेलं आहे, आणि दुसऱ्यावर तर बेसला खुद्द बिल वायमन. बाकी ड्रम जॉर्डनचे. 'अँग्री' ऐका आणि लगेच 'लिव्ह बाय द सोर्ड' ऐका. गायक तोच, गिटारवाले तेच.

माझ्या कानाला 'अँग्री'मध्ये जमीन पक्की वाटते. स्नेअर येतो तो ठाम, ठरल्या जागी. कीथ आणि रॉनी त्यावर निवांत उभे राहून वाजवतात. 'लिव्ह बाय द सोर्ड'मध्ये जमीन किंचित हलते आणि सगळे एकमेकांना धरून चालतात. पहिल्यात आराम जास्त, दुसऱ्यात धोका जास्त. मला व्यक्तिशः धोका आवडतो. पण पहिल्याला नकली म्हणता येणार नाही. तिथेही माणसं एकमेकांचं ऐकून वाजवतायत, फक्त अंतर वेगळं आहे.

२०२४ च्या अमेरिकेतल्या दौऱ्याची रेकॉर्डिंग ऐकताना हेच जाणवतं. जॉर्डन जुन्या गाण्यांची हाडं तशीच ठेवतो आणि वजन स्वतःचं टाकतो. आणि एक गोष्ट मला फार आवडते: बँडने त्याला अधिकृत मेंबर केलेलं नाही, डॅरिलसारखंच. नावाच्या पाटीवर तिघंच, मिक, कीथ, रॉनी. यात कोणाला व्यवहार दिसेल. मला असं वाटतं की पाटीवरची ती जागा रिकामी ठेवणंही बरोबर आहे, आणि स्टेजवरचं स्टूल रिकामं न ठेवणंही.

त्याच नावाने वाजवावं का?

सगळ्यांनी असंच करावं असंही नाही. जॉन बॉनम १९८० च्या सप्टेंबरमध्ये गेला आणि लेड झेपेलिनने डिसेंबरमध्ये जाहीर केलं की आम्ही थांबतोय. २००७ मध्ये एका रात्रीसाठी ते लंडनला एकत्र आले तेव्हा ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. त्यांचाही निर्णय मला पटतो. तिथे घड्याळ खरोखरच ड्रमरच्या हातात होतं. त्यामुळे 'मूळ मेंबर नसेल तर तोच बँड का?' याला एकच उत्तर नाही. आधी विचारावं लागतं, हा बँड कुठल्या अंतरावर उभा होता? आणि ते अंतर नव्याने बांधायला जुन्यांपैकी कोण शिल्लक आहे?

आता माझी चूक. इंजिनिअरिंगला असताना आमचा चौघांचा बँड होता, मी गिटार वाजवायचो. शेवटच्या वर्षी आमचा ड्रमर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. त्याच्या जागी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. चांगला वाजवायचा. मी त्याला पहिल्या दिवशी आमच्या जुन्या रेकॉर्डिंगचा फोल्डर दिला आणि सांगितलं, 'हे असंच पाहिजे.' प्रत्येक प्रॅक्टिसला मी त्याला थांबवायचो: इथे तो असं करायचा, तिथे तो तसं करायचा. तीन आठवड्यांनी त्या मुलाने यायचं बंद केलं. आम्ही सगळ्यांना सांगितलं की त्याला जमलं नाही.

त्या तीन आठवड्यांत मी एकदाही माझी गिटार हलवून बघितली नाही. चौथी पायरी तेव्हा माहीत असती तर कळलं असतं की सरकायची पाळी माझीही होती.

कीथ रिचर्ड्स सत्तरी उलटून गेल्यावर, ५८ वर्षांची सवय मोडून, दुसऱ्या माणसाचं ऐकत वाजवायला उभा राहिला. सेंट लुईसच्या त्या पहिल्या गाण्याकडे मी आता असं बघतो.

या वेळचा गृहपाठ: 'अँग्री' आणि 'लिव्ह बाय द सोर्ड', हेडफोन लावून, लागोपाठ. फक्त स्नेअरकडे लक्ष द्या आणि तुमची मान कुठे हलते ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.

(शेवटी टेबलवर: टिक्-टिक्-ठाक्-टिक्.)